मीरगुलचा बघ्या

एल्दियार राजधानी बिश्केकहून आला तेव्हाच मीरगुलच्या डोक्यात गेला होता. तसं मोठं कारण काहीच नव्हतं. माणूस हसतो, पण दात दिसत नाहीत. चहा पितो, पण पेला स्वतःचा, घरून आणलेला. आणि सहा वर्षं तिने एकटीने लिहिलेल्या प्रोग्रामला पहिल्याच आठवड्यात म्हणतो कसा, "एजे, हे जरा आवरायला पाहिजे."

आवरायला! तोंडाने एजे म्हणायचं, ताई म्हणायचं, आणि ताईच्याच घरात झाडू घेऊन घुसायचं.

ओश शहराच्या बाजारामागे, सामसाच्या, म्हणजे भट्टीतल्या समोशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. माणसं तीन: मीरगुल, एल्दियार आणि मालक साबीर आका. काम एकच, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या. शेवटच्या फाट्यावर दोन गावं, बेश-तेरेक आणि कोक-बेल. दोन दिवस पाणी याला, दोन दिवस त्याला. पूर्वी हे मुराब बघायचा, पाण्याचा कारभारी, बांधाबांधाने शिव्या घालत फिरून. आता प्रोग्राम बघतो. दुपारी बाराच्या ठोक्याला एका गावाचा लोखंडी दरवाजा खाली, दुसऱ्याचा वर.

मीरगुल कोक-बेलची. तिची मोठी बहीण नूरिया बेश-तेरेकला दिलेली. म्हणजे फाट्याच्या दोन्ही तोंडांना हिचीच माणसं. सहा वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे झालं नव्हतं, आणि याचा तिला माज होता. असायलाच पाहिजे.

मे महिन्यात डीबगर नवा आला. डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या पोटात डोकावायचं हत्यार. जुन्यात कसं होतं, एखाद्या ओळीवर थांबा लावायचा. प्रोग्राम तिथवर आला की उभा राहायचा, मग निवांत त्याचे खिसे तपासायचे. पण कालवा चालू असताना हे करायची सोय नाही. प्रोग्राम उभा राहिला की दरवाजा अर्ध्यात लटकला, आणि गावकरी ऑफिसच्या जिन्यात.

एल्दियारने नव्यात काय काय आलंय ते वाचून दाखवलं. असा रंगात येऊन, जसं काय स्वतःच्या लग्नाची पत्रिका वाचतोय.

"हे बघा एजे, ही पहिली भारी गोष्ट. आता थांबा लावायचा नाही. ओळीवर नुसता एक पहारेकरी बसवायचा. प्रोग्राम थांबत नाही, चालता चालता पहारेकरी त्याला तुमचा प्रश्न विचारतो आणि उत्तर वहीत लिहून ठेवतो."

"म्हणजे बघ्या," साबीर आका म्हणाले. "भांडण सोडवत नाही, नुसता उभा राहून बघतो."

तेव्हापासून त्याचं नाव बघ्याच पडलं.

"आणि हा बघ्या खाजगी ठेवता येतो," एल्दियार म्हणाला. "ज्याने बसवला त्यालाच दिसतो."

"कशाला?" मीरगुलने विचारलं.

"एकाच्या खुणा दुसऱ्याच्या पायात येऊ नयेत म्हणून."

"का डोळ्यात येऊ नयेत म्हणून?"

तो हसला. दात दिसले नाहीत.

तिसरी गोष्ट होती मागे चालायची. झालेलं सगळं डीबगर टिपून ठेवतो, आणि मग शेवटापासून एकेक पाऊल उलटं टाकत सुरुवातीला जाता येतं. साबीर आकांना हे फार आवडलं. म्हणाले, हे माणसांना पण बसवता आलं असतं तर माझं अर्धं आयुष्य सुधारलं असतं. खाली, एकदम शेवटी, बारीक अक्षरांत आणखी कायकाय लिहिलं होतं. ते कोणी वाचतं का? मीरगुलनेही नाही वाचलं.

मेच्या शेवटी एल्दियारने पाळीचा भाग नव्याने लिहिला. साबीर आकांना विचारून. तिला विचारलं नाही, सांगितलं. आणि त्याच शनिवारी मीरगुलने त्याला गाड्यांच्या अड्ड्यावर बघितलं. हातात दोन गरम नान, खडीसाखरेची पिशवी. चढला कशात? बेश-तेरेकच्या गाडीत. बेश-तेरेकमध्ये या बिश्केकवाल्याचं कोण मेलंय?

सोमवारी तिने अगदी सहज विचारलं, "शनिवारी काय केलंस?"

"झोपलो, एजे. दिवसभर."

झालं. माणूस साध्या गोष्टीत खोटं बोलला की मीरगुलचं डोकं मिठाईच्या दुकानात माशी शिरावी तसं त्यात शिरतं, आणि मग बाहेर येत नाही. तिने त्याच दुपारी त्याच्या नव्या भागात, दरवाजा उघडायच्या पाच ओळी आधी, एक बघ्या बसवला. खाजगी. प्रश्न एकच दिला: आता पाळी कोणाची? प्रोग्रामचा जो भाग पाळी सांगतो, त्यालाच विचारायचं आणि लिहून ठेवायचं. प्रोग्राम थांबणार नाही, कोणाला कळणार नाही. बस तू किती झोपतोस ते बघतेच.

मंगळवारी बाराला बेश-तेरेकची पाळी होती. पाणी गेलं कोक-बेलला.

म्हणजे आधी तिथेच चालू होतं, ते तिथेच राहिलं. कोक-बेलमधून कोणी फोन केला नाही. पाणी येतंय म्हटल्यावर तक्रार कोण करतो? बेश-तेरेकमधून मात्र वीस फोन. साबीर आकांनी मोटरला दोष दिला. मीरगुलने दार लावून बघ्याची वही उघडली.

वहीत लिहिलं होतं: बेश-तेरेक.

तिच्या अंगावर काटा आला. बघ्या म्हणतो पाळी बेश-तेरेकची, आणि पाच ओळींनंतर दरवाजा उघडतो कोक-बेलचा. मधल्या पाच ओळी कोणाच्या? एल्दियारच्या. तिने त्या पाच ओळी इतक्या वेळा वाचल्या की डोळे मिटले तरी दिसायला लागल्या. त्यात काही नव्हतं. काही नसणं हेच तिला जास्त संशयाचं वाटलं. चोर हुशार आहे, एवढंच.

कोक-बेलचे दोन दिवस झाले, म्हणजे गुरुवारी पाळी पुन्हा बेश-तेरेकचीच. पण पुन्हा तेच. वहीत बेश-तेरेक, पाणी कोक-बेलला. साबीर आकांनी हाताने बटण दाबून बेश-तेरेकचा दरवाजा उघडला, तर अर्ध्या दिवसात प्रोग्रामने परत बंद केला. शनिवारी पुन्हा.

आता तिला सगळा डाव समजला. पाणी कोणाच्या गावाला जातंय? मीरगुलच्या. मग बोट कोणाकडे जाणार? मीरगुलकडे. आणि हा पठ्ठ्या बेश-तेरेकमध्ये खडीसाखर घेऊन कोणाचे कान भरायला जातो? तिला हाकललं की तिची खुर्ची याची. साधा हिशेब.

रविवारी नूरियाचा फोन आला. आवाज बसलेला.

"मीरगुल, खरं सांग गं. तू केलंस?"

"एजे! तू पण?"

"मला ओरडू नकोस. आज तंदूरवर मी कणिक घेऊन गेले, तर माझ्या पुढची बाई म्हणते, 'हिला कशाला नंबर, हिच्या बहिणीला सांगा, ती पाळी फिरवून देईल.' सगळ्या हसल्या. मी कच्ची कणिक घेऊन घरी आले. सासू बोलत नाही. भाताच्या वाफ्यांत भेगा पडल्यात, हात जातोय आत. आणि तिकडे आपल्या गावात काय चाललंय माहितीय? आईकडे लोक कांदे आणून देतायत. म्हणे पोरीने पाणी आणलं!"

"आई घेतेय?"

"परत केले तर म्हणतील लाजतेय."

"उद्या बाराला मी दाखवते कोण ते," मीरगुल म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"दाखव. पण उद्या पाणी आलं नाही तर आमचे लोक ट्रॅक्टर लावून दरवाजा उपटणार आहेत. आणि मला सरळ सांगितलंय, तुझी बहीण या गावात पाय ठेवायची नाही. माझ्या पोराच्या लग्नालासुद्धा."

त्याच दुपारी, रविवार असूनही ऑफिसात, एल्दियार तिच्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. डोळे लाल.

"एजे, एक विचारू? माझ्या चाचणीच्या प्रतीत सगळं बरोबर चालतंय. पाळी फिरते, दरवाजा बरोबर उघडतो. फक्त कालव्यावरच्या प्रोग्राममध्येच घोळ होतोय. तुम्ही तिथे काही लावलंय का?"

"नाही," मीरगुल म्हणाली. क्षणभरही न थांबता.

"नक्की?"

"तू मला विचारतोस? तू?"

तो गेला. ती मनात म्हणाली, चाचपतोय. माझ्याकडे पुरावा आहे का ते बघतोय.

सोमवारी अकरा वाजता बेश-तेरेकचे काम्बार आका जिना चढून आले. चाळीस वर्षं मुराब होते. डोक्यावर उंच पांढरी टोपी, तोंडावर उन्हाने केलेल्या नांगरटी. साबीर आकांनी खुर्ची दिली, चहा ओतला, नान मोडून पुढे ठेवलं. त्यांनी नानाला नुसता हात लावला.

"साबीर, मी भांडायला नाही आलो. भांडणारे फाट्यावर बसलेत, ट्रॅक्टरवर. मी नाव न्यायला आलोय. कोण करतंय, त्याचं नाव दे. मग आम्ही दरवाजाला हात लावणार नाही."

"आका, यंत्र आहे, चुकतं..."

"यंत्र चुकलं तर कधी इकडे चुकेल, कधी तिकडे. हे एकाच बाजूला चुकतंय. हे माणूस आहे." असं म्हणून त्यांनी मीरगुलकडे बघितलं. सरळ.

तिचे कान तापले. ती ताडकन उठली.

"नाव पाहिजे ना? देते. बारा वाजू देत. डीबगर सगळं टिपून ठेवेल, आणि मग तुमच्यासमोर एकेक पाऊल मागे जाऊन दाखवते, पाळी कुठे फिरली आणि कोणाच्या हातांनी. एल्दियार, तुझी हरकत?"

"माझी कशाला असेल? मीच म्हणणार होतो."

"म्हणणार होतास! वा."

बाराला पाच मिनिटं असताना चौघे तिच्या पडद्यासमोर बसले. खालून सामसाचा वास येत होता. बारा वाजले. काम्बार आकांचा मोबाईल लगेच वाजला. फाट्यावरून त्यांचा पुतण्या बोलत होता, इतक्या मोठ्याने की सगळ्यांना ऐकू आलं. "नाही उघडला, आका! ट्रॅक्टर सुरू करू?"

"थांब जरा. नाव येतंय."

मीरगुलने मागे चालायला सुरुवात केली. मुद्दाम मोठ्याने बोलत.

"हे बघा. इथे कोक-बेलच्या दरवाजाला हुकूम गेला. एक पाऊल मागे. इथे प्रोग्रामने पाळी मागितली, त्याला मिळाली कोक-बेल. आणखी मागे. पाळ्यांची यादी. सगळ्यात वर कोण? कोक-बेल. पण आत्ता वर बेश-तेरेक असायला पाहिजे होतं. म्हणजे याच्या आधी कोणीतरी बेश-तेरेकचं नाव यादीतून काढून घेतलं. बरोबर?"

"बरोबर," साबीर आका म्हणाले.

"आता बघू कोणी काढलं."

तिने एल्दियारकडे बघितलं. तो घाबरलेला वाटेना. पडद्याकडे असा वाकून बघत होता, जसं काय त्यालाही उत्तर पाहिजे होतं. याचंच तिला नवल वाटलं, आणि तिने कळ दाबली.

पडद्यावर यादीत बेश-तेरेक परत आलं. आणि बाजूला, नाव काढून घेणाऱ्याच्या जागी, बारीक अक्षरांत: बघ्या, खाजगी. बसवणारी, मीरगुल.

तिने पुन्हा वाचलं. मग एक पाऊल पुढे जाऊन परत मागे आली. तेच.

बघ्याने विचारलं होतं पाळी कोणाची, आणि जो भाग पाळी सांगायचा त्याने नाव सांगितलंच, वर यादीतून काढून हातातही दिलं. बघ्याने ते वहीत लिहिलं आणि टाकून दिलं. मग खरा प्रोग्राम आला, त्याने विचारलं, तर पुढचं नाव कोक-बेल. मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी, आज. दर वेळी तिचाच बघ्या बेश-तेरेकची पाळी खाऊन बसला होता.

पण माझ्या प्रोग्राममध्ये तर विचारलं की नुसतं सांगायचा! नाव काढायचं काम वेगळं होतं. हे दोन्ही एक कोणी केलं?

"हे विचारणं आणि काढणं एकत्र तू केलंस?" तिचा आवाज बारीक झाला.

"हो," एल्दियार हळूच म्हणाला. त्याने वाचलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याने सगळं वाचलं होतं. "काम्बार आकांनी सांगितलं तसं."

"मी?" म्हातारा म्हणाला. "मी काय सांगितलं?"

"आका, मी दोन शनिवार तुमच्याकडे आलो होतो ना. तुम्ही काठीचं सांगितलंत."

"हां, काठी. मग? मुराबाला पाळी कोणाची असं नुसतं कोणी विचारत नाही. काठी मागायची. मी काठी दिली की पाळी तुझी झाली. पाणी घे नाहीतर झोप, काठी परत होत नाही. नाहीतर लोक दिवसभर नुसते विचारत बसतात आणि दोघं दोघं म्हणतात, मला सांगितलं होतं."

"मी प्रोग्राममध्ये तेच केलं," एल्दियार म्हणाला. मग मीरगुलकडे न बघता, "एजेंना सांगितलं नाही कुठे जातो ते. त्या म्हणाल्या असत्या, माझा प्रोग्राम शिकायला मुराबाकडे कशाला जातोस. चुकलंच माझं."

तो तिथेच थांबला. पुढचं बोलला नाही. साबीर आकांना पडद्यावरचं काही कळत नव्हतं, म्हाताऱ्याकडे चष्मा नव्हता. ते बारीक अक्षर फक्त दोघांना वाचता येत होतं.

"मग?" काम्बार आका म्हणाले. "नाव?"

मीरगुलच्या तोंडात नाव तयार होतं. आठ दिवस घोटून तयार केलेलं. आणि ते घेतलं असतं तर चाललंही असतं. विचारणं आणि काढणं एकत्र त्यानेच तर केलं होतं, अर्ध्या दोषाचा धनी तो होताच. तो नाही म्हणाला असता तरी बिश्केकवाल्यावर विश्वास कोणी ठेवला असता? नूरियाला तंदूरवर जागा मिळाली असती. बोटं कळेवरच होती. एक कळ दाबली असती तर पडदा पुढे सरकला असता.

"मी," ती म्हणाली.

साबीर आकांचा पेला टेबलावर आपटला. "काय?"

"मी केलं. मुद्दाम नाही. मला याचा संशय होता, म्हणून मी याच्यावर नजर ठेवायला एक पहारेकरी बसवला. तो दर वेळी पाळी कोणाची ते विचारत होता." ती म्हाताऱ्याकडे वळली. "म्हणजे तुमच्या भाषेत आका, तो दर वेळी तुमची काठी मागून घेत होता, आणि फेकून देत होता. मग पुढची काठी कोक-बेलला. काल यानं मला विचारलं, काही लावलंय का. मी नाही म्हणाले. खोटं बोलले."

म्हाताऱ्याने टोपी नीट केली. मग म्हणाला, "म्हणजे तू चोर पकडायला दिवा घेऊन बसलीस, आणि दिव्यानेच गवत पेटवलं."

"हो."

"आणि आठ दिवस आम्ही तुला चोर म्हणत होतो, तर तू याला."

"हो."

"बरं आहे," ते म्हणाले. बरं असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "आधी ते काढ."

तिने बघ्या काढला आणि यादीत बेश-तेरेकचं नाव परत वर घातलं. साबीर आकांनी बेश-तेरेकच्या दरवाजाचं बटण दाबलं. काम्बार आकांनी मोबाईल कानाला लावला आणि सगळे त्यांच्या कानाकडे बघत राहिले.

"आलं?... नीट बघ. माती बघू नकोस, पाणी बघ... आलं?" त्यांनी मान हलवली. "आलंय. ट्रॅक्टर बंद कर रे मूर्खा, डिझेल काय फुकट येतं?"

मग त्यांनी पहिल्यांदा नानाचा तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता निवाडा दिला. चार पाळ्या गेल्या, म्हणजे आठ दिवस पाणी बेश-तेरेकला, सलग. कोक-बेलच्या कांद्यांनी वाट बघायची. आणि हे कोक-बेलला साबीरने नाही सांगायचं, यंत्राच्या निरोपाने नाही सांगायचं. हिने जाऊन सांगायचं, चौकात उभं राहून, कोणी केलं आणि का ते.

"ते मला दगड मारतील, आका."

"मारणार नाहीत. कांदे परत मागतील," म्हातारा म्हणाला, आणि उठून जिन्याकडे निघाला. दारातून वळून त्याने सांगितलं, "नूरियाला मी सांगतो. तंदूरवर सगळ्यांसमोर सांगतो. पण एक लक्षात ठेव पोरी, मी आठ दिवस स्वतः त्या दरवाजापाशी बसणार आहे. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. कोणावरच नाही म्हणून."

साबीर आका त्यांना खाली सोडायला गेले, आणि जाताना मीरगुलकडे असं बघून गेले की परतल्यावर काय होणार ते सांगायची गरज नव्हती.

ऑफिसात दोघंच उरले. एल्दियारने नव्या डीबगरचा तो लांबलचक कागद पडद्यावर उघडला, एकदम खाली गेला, आणि बारीक अक्षरातलं वाचलं. "पहारेकऱ्याला प्रश्न म्हणून एखादं काम दिलं, तर ते काम खरंच केलं जातं." त्याने मान हलवली. "मी पण नव्हतं वाचलं."

"मला सांत्वन नको."

"सांत्वन नाही देत. राग आलाय मला. आठ दिवस मी रात्रंदिवस स्वतःच्याच ओळी तपासतोय. मला वाटायला लागलं होतं, मला वेड लागलंय."

मीरगुलने बघ्याची वही मिटून टाकली.

"एजे," तो म्हणाला, "आणखी कुठे बसवलेत?"

"एकच होता. काढला."

तो उभाच राहिला. गेला नाही. खाजगी बघे ज्याचे त्यालाच दिसतात, तिच्या मशीनवरून. म्हणजे तिच्या शब्दाशिवाय त्याच्याकडे काही नव्हतं, आणि तिचा शब्द तर कालच वापरून झाला होता. मीरगुलच्या कानशिलापर्यंत राग चढला. माझ्यावर विश्वास नाही? माझ्यावर?

मग तिने खुर्ची मागे सरकवली, उठली, आणि खुर्ची त्याच्याकडे फिरवली.

"बस," ती म्हणाली. "तूच बघ."

तो बसला, आणि पहिल्या ओळीपासून बघायला लागला.